नडगीचं माप

बार्टलीच्या दुकानामागे एक खांब पुरलाय,
दहा फूट उंच, कुठेच न नेणारा.
आर रुतवून रुतवून त्याची चाळण झालीय.
बार्टली म्हणतो, घालून चढ,
पैशांचं मग बोलू.

पहिली जोडी पोलादाची.
दुसऱ्याच पावलाला दांडी
गुडघ्याच्या वाटीखाली टोचते.
तो उकिडवा बसतो, पट्टी लावतो,
स्क्रू काढून दांडी एक भोक खाली घेतो.
दोन बोटं जागा सोडायची, म्हणतो,
त्याहून जास्त सोडलीस तर टोक नडगीत घुसेल,
आणि नडगीवर मांस नसतं,
देवानं तिथे हात आखडता घेतलाय.

दुसरी ॲल्युमिनियमची.
इतकी हलकी, की पाय फक्त माझाच वाटतो.
पॅड रुंद. पोटरीला वळसा घालून
वेल्क्रो चरचरत मिटतो.
वजन नडगीच्या कडेवर न पडता
भोवती पसरतं, पाणी पसरावं तसं.
किंमत ऐकून मी खांबावरून खाली येते.

घरी तिसरी जोडी आहे, एल्डनची.
चामड्याचे पॅड, घामानं काळे, सालीसारखे कडक,
आणि आत एक खळगा,
चाळीस वर्षांत त्याच्या हाडानं पाडलेला.
सहा वर्षं मी त्या खळग्यात
माझी नडगी बसवत आले.
दोन जोड मोजे, त्यावर योगाच्या चटईचा कापलेला तुकडा,
तरी रात्री पांघरुणाचा भार सोसायचा नाही.
कधी बोलले नाही.
हातचं काम शिकवणाऱ्याला
त्याचे जोडे चावतात असं कसं सांगायचं?

आज तो स्वतःच गाडी चालवत आलाय.
साखरेनं त्याच्या पावलांची जाण नेली,
क्लच दाबला की नाही ते तो आवाजावरून ओळखतो.
नवा पॅड हातात घेऊन
अंगठ्यानं दाबत राहतो, शिळा पाव दाबावा तसा.
‘बरा आहे,’ म्हणतो. ‘पण मला नडगी सांगायची,
बास, आता उतर.
तुला कोण सांगणार?’
बार्टली हसतो.
मी तीन हप्त्यांत द्यायचं कबूल करते.

शाळेमागे डग्लस फर उभे सुकलेत,
एकतीस, सलग तीन कोरडे उन्हाळे पाहून.
जिवंत झाडाला आर लावायची नाही,
हा एल्डनचा पहिला धडा होता;
त्यावर दोर टाकून जायचं, सावकाश, पाहुण्यासारखं.
म्हणजे हा सगळा मऊपणा
मेलेल्यांच्या अंगावर चढण्यासाठी.
हे माझ्या मनात चाळीस फुटांवर आलं,
आणि पुढच्या पावलाला गेलं.

सत्तर फुटांवर सालीत भोकं लागली,
ओळीनं, शेकडो,
आणि प्रत्येकात ओकचं एक फळ ठोकून बसवलेलं.
सुतारपक्ष्यांचं कोठार.
काही फळं वाळून सैल झालेली,
काही त्यांनी काढून
लहान भोकात पुन्हा बसवलेली, मापाला.
माझ्या आरेखाली एक फुटलं,
टक्क.
पाय कुठे टेकवावा ते सुचेना.
करवत कमरेला लटकत राहिली.
एक पक्षी लाल टोपी घालून
फांदीच्या आडून शिव्या देत होता,
त्याचंही बरोबरच होतं.

किती वेळ गेला, माहीत नाही.
शेंडा डोलायला लागला होता,
नदीकडून दुपारचा वारा निघाला होता.
नडगी चकार शब्द बोलली नाही.

खालून पिकअपचा हॉर्न वाजला.
थांबून, पुन्हा एकदा.

उतरले. टेलगेटवर बसून पट्टे सोडले,
मोजे खाली सारले.
मोज्यांच्या विणीचे वळ, बाकी काही नाही.
एल्डन खिडकीतून वाकून
बराच वेळ माझी नडगी बघत राहिला,
थोडा नाराज.